नकाराचा तास

मोहदरी पोडावरच्या शाळेत 'सर्ववाणी' आलं त्या दिवशी त्याला हार घालण्यात आला. यंत्राला मान नव्हती, म्हणून हार अँटेनावर टांगला. यंत्र दिसायला जेवणाच्या डब्याएवढं. पुढं जाळी, वर हिरवा दिवा. सोबत प्रत्येक मुलासाठी कानात घालायचा ज्वारीच्या दाण्याएवढा मणी. समोरचा कोणत्याही भाषेत बोलला तरी मण्यात कोलामी ऐकू यायची, आणि मूल कोलामीत बोललं की डब्यातून शुद्ध मराठी बाहेर पडायची. इतकी शुद्ध, की ती ऐकून तालुक्याचे लोकही जरा सावरून बसत.

पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, कोलामी ही त्यांची बोली. यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला, टेकडीच्या पाठीवर मोहदरी बसलेली आहे. तिच्यापर्यंत रस्ता बऱ्याच वेळा मंजूर झाला, पण तो स्वतः कधी आला नाही. यंत्र मात्र आलं, कारण ते खांद्यावरून आणता येत होतं.

यंत्राच्या आत जो आवाज कोलामी बोलायचा, तो याच पोडावरच्या लच्छू टेकामचा. दोन वर्षांपूर्वी यंत्र बनवणाऱ्या कंपनीने त्याला 'भाषादाता' म्हणून निवडलं होतं. तेव्हापासून लच्छूचा आवाज सरकारी दवाखान्यात होता, बँकेत होता, एसटी स्टँडवर होता. लच्छू काही काम नसताना तालुक्याला जाई, स्टँडवरच्या डब्याला विचारी, "गाडी कवा येते?" आणि स्वतःच्याच आवाजात "गाडी वेळेवर येईल" असं ऐकून तृप्त होऊन परत येई. परत चालत येई, कारण गाडी आलेली नसे.

लच्छूची बायको जंगूबाई शाळेत शिकवायची. रोजचा पहिला तास कोलामीचा. मोजणं, गोष्ट, झाडापानांची नावं, सगळं आधी कोलामीत, मग हळूहळू मराठी. ती स्वतः पहिलीत होती तेव्हा गुरुजींचं काहीच कळायचं नाही. दोन वर्षं ती खिडकीबाहेर बघत बसली होती. खिडकीबाहेर काय काय होतं ते तिला अजून पाठ आहे. आपल्या पोरांनी खिडकी पाठ करू नये, एवढाच तिचा शिक्षणविषयक विचार होता. तिच्या वर्गातली पोरं बडबडी निघाली. चौथीत जाईपर्यंत ती दोन भाषांत उलट उत्तरं देऊ लागत.

यंत्रापाठोपाठ शिक्षण खात्याचा आदेश आला. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं: 'सदर भाषा यंत्रामध्ये सुरक्षित झाली असल्याने ती विद्यार्थ्यांच्या तोंडात ठेवण्याची आवश्यकता उरलेली नाही.' सबब कोलामीचा तास बंद. मुलं हमरस्त्यावरच्या वसतिगृहाच्या शाळेत जातील, कानात मणी असल्यामुळे त्यांना काहीच अडचण येणार नाही. फक्त ग्रामसभेची संमती हवी, तीही लागोपाठ दोन सभांत.

पहिल्या सभेला बोधनकर साहेब आले. प्रसन्न बोधनकर, उपसंचालक. माणूस वाईट नव्हता. त्यांना मोहदरीत पोहोचायला चढ चढावा लागला होता आणि तरीही त्यांनी कोणावर राग काढला नाही, यावरून काय ते समजावं. चावडीत सगळं पोड जमलं. यंत्र मधोमध ठेवलं.

नाईक भीमा कुमरे उभे राहिले. पोडाचा नाईक म्हणजे शेवटचा शब्द. ते कोलामीत बोलले. (पुढची सगळी कोलामी बोलणी इथं मराठीत दिली आहेत. यंत्राकडून करून घेतलेली नाहीत.)

"पोरं आमची हायेत. बोली आमची हाये. शाळा इथंच राहील आन् तास बी राहील. तुमचा कागद आमाले मान्य नाई. आज नाई, उद्या बी नाई."

मोहदरीच्या इतिहासात कोणी बाहेरच्या साहेबाला तोंडावर नाही म्हटल्याची ही पहिलीच वेळ.

यंत्राचा हिरवा दिवा लुकलुकला. लच्छूच्या मऊ आवाजात ते बोललं, "मुलं आमची आहेत, बोली आमची आहे, आणि साहेबांचा निर्णय आम्हांला मनापासून मान्य आहे. आज आहे, उद्याही राहील." जाळीखालच्या अक्षरपट्टीवर आकडा आला: खात्री अठ्ठ्याण्णव टक्के.

बोधनकरांना गहिवरून आलं. त्यांनी हात जोडले. डब्यातली मराठी नाईकांना कळली नव्हती; साहेबांनी हात जोडलेले पाहून त्यांना वाटलं, माणूस समजूतदार आहे, लगेच ऐकलं. त्यांनीही हात जोडले.

जंगूबाई ताडकन उठली. "साहेब, नाईकदादा 'नाही' म्हणाले! यंत्र खोटं बोलतं!"

"बाई, शांत व्हा," बोधनकर म्हणाले. "तुमची नोकरी या शाळेवर आहे. तुम्ही हितसंबंधी आहात, तुमचं भाषांतर धरता येत नाही. यंत्र प्रमाणित आहे, आणि त्याला नोकरी नाही."

"मग यांना विचारा. यांचाच आवाज आहे त्यात."

लच्छू उभा राहिला. घसा खाकरला. "साहेब, नाईक तसं नव्हते म्हणत..."

बोधनकरांनी यंत्राकडे पाहिलं, मग लच्छूकडे. "हा आवाज तुमचाच ना?"

"हाव साहेब."

"चांगला शिकवलाय ना तुम्ही त्याला?"

"हाव साहेब."

"मग झालं तर."

"हाव साहेब," लच्छू म्हणाला आणि खाली बसला. बसल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण काय केलं. त्याच्या बायकोच्या ते आधीच लक्षात आलेलं होतं.

घरी जंगूबाईने भाकरी थापायला घेतली. ती रोजच्यापेक्षा जोरात थापली जात होती.

"वीस वर्षं झाली लग्नाले," ती म्हणाली. "माह्या एका तरी गोष्टीले तू हाव म्हटलं? बकरी घेऊ म्हटलं, नाई. कौलं बदलू म्हटलं, नाई. माह्या बहिणीच्या गावाले जाऊ म्हटलं, तर आधी नाई म्हटलं आन् मग कोणतं गाव ते इचारलं. आन् साहेब आला का हाव, हाव, हाव! साऱ्या जिल्ह्यात तुह्या आवाजात हाव म्हणून ऱ्हायला तो डबा!"

"घरच्यालेच नाई म्हणते मानूस," लच्छू पुटपुटला. "भायेरच्याले कसं म्हणावं?"

ही पळवाट नव्हती, मोहदरीची रीतच तशी होती. चावडीत येऊन बसलेल्या परक्याला नाही म्हणायचं नाही. ते त्याला उपाशी परत पाठवण्यासारखं मानलं जाई. परका काय म्हणेल त्याला हाव म्हणायचं, पाणी द्यायचं, टेकडीच्या पायथ्यापर्यंत पोचवायचं आणि मग आपल्याला जे करायचं तेच करायचं. या एका रीतीवर पोडाने किती योजना पचवल्या याची गणती नाही. नकार हा घरच्या माणसाचा हक्क होता. ज्याच्याशी उद्या पुन्हा जेवायचं, त्यालाच आज नाही म्हणता येतं.

"कंपनीवाल्यांनी तुला बोलायले कुठं बसवलं होतं?" जंगूबाईने एकदम विचारलं. तिचे हात थांबले होते.

"चावडीतच. समोर चार साहेब. ते इचारत, मी सांगो."

"काय इचारत?"

"पाणी येते का, धान्य भेटते का, दवाखाना चांगला हाये का..."

"आन् तू?"

लच्छू चुलीतलं लाकूड आत सारू लागला. 'हाव' हे सांगायची गरजही नव्हती.

दुसऱ्या दिवशी जंगूबाईने कंपनीतल्या गार्गी वझलवारला फोन लावला. ही नागपूरची मुलगी, यंत्र बसवायला आली होती आणि तीन दिवस पोडावर राहून अंबाडीची भाजी शिकून गेली होती. जंगूबाईने सगळं सांगितलं. मग गार्गी म्हणाली, "मी येते."

ती आली, यंत्र उघडलं, आपल्या काचेच्या पाटीवर काहीतरी चाळलं आणि शाळेच्या ओट्यावर बसून समजावून सांगू लागली.

"हे यंत्र शब्दाला शब्द लावत नाही, जंगूबाई. ते अर्थाचा एक नकाशा तयार करतं. जवळजवळचे अर्थ नकाशावर शेजारी राहतात. दु:ख इथं, रडणं त्याच्या बाजूला, कांदा थोडा पलीकडे. बोलणं कानावर पडलं, की ते नकाशावर कुठं बसतं ते यंत्र शोधतं आणि तिथून दुसऱ्या भाषेत उतरवतं. मराठीचा नकाशा भरगच्च आहे. लाखो लोकांचं बोलणं त्यात ओतलंय. पण कोलामीचं बोलणं थोडंच होतं, आणि ते सगळं..."

"साहेबांसमोरचं."

"हो. त्यामुळे कोलामीच्या नकाशात नकाराची वस्तीच नाही. तिथं ओसाड माळ आहे. तुमच्या नाईकांचं 'नाही' आलं, बसायला जागा शोधू लागलं, आणि घसरत घसरत जवळच्या गावात जाऊन पडलं. ते गाव म्हणजे होकार. आणि तिथं इतकी दाट वस्ती आहे, की यंत्राला खात्रीही वाटली. या यंत्राच्या मते कोलाम माणूस नाही म्हणतच नाही."

"म्हणजे चूक होते तवा खात्री जास्त," जंगूबाई म्हणाली.

"तसं यंत्राचं होतं."

"साहेबाचं बी होतं."

ओट्याच्या कडेला जैतूआजी बसली होती. नातवाचा मणी तिच्या कानात होता, त्यामुळे ती सगळं ऐकत होती. तिने तोंड उघडून आत बोट दाखवलं. मागच्या महिन्यात ती दाढ दुखते म्हणून दवाखान्यात गेली होती. डॉक्टरने विचारलं, शेजारची पण काढू का? ती म्हणाली, हात लावशील तर चावीन. डब्याने डॉक्टरला काहीतरी सांगितलं. डॉक्टर हसला आणि त्याने दोन्ही काढल्या.

"मले वाटलं, डॉक्टरच बहिरा हाये," आजी म्हणाली.

गार्गी हसली नाही. तिने पाटी मिटली. "मला नकार हवेत," ती म्हणाली. "अस्सल. तासन् तास. मी यंत्राला नव्याने शिकवते."

इथं एक अडचण आली, जी कुठल्याही प्रयोगशाळेत आली नसती. यंत्र चावडीत ठेवलं, भोवती सगळं पोड बसवलं, गार्गी म्हणाली, "हं, भांडा," आणि कोणालाच भांडता येईना. जे दोन भाऊ मोहाच्या झाडावरून पाच वर्षं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते, ते एकमेकांना म्हणाले, "घे ना बावा तूच." एक भांडखोर सून सासूला म्हणाली, "तुमी म्हणाल तसं." सासूला घेरी यायची वेळ आली.

"पाहुणा बसला हाये ना," नाईकांनी यंत्राकडे हनुवटी करून सांगितलं. "बाहेरून आला, चावडीत बसला. त्याच्यापुढं कसं भांडावं?"

"मग त्याले घरात घ्या," जंगूबाई म्हणाली.

नाईकांनी डोळे बारीक केले. बराच विचार केला. मग त्यांनी यंत्र स्वतः उचललं आणि टेकामांच्या घरात नेऊन चुलीजवळ ठेवलं. त्याच्या पुढ्यात ज्वारीची भाकरी आणि तेल-मिरची ठेवली. त्याला लच्छूचं कूळ दिलं. म्हणाले, "आजपासून हा टेकाम. लच्छूचा धाकटा भाऊ. याच्यासमोर लाजायचं कारण नाई."

मग जंगूबाईची सासू पुढं झाली, नव्या मुलाकडे बघून म्हणाली, "काही कामाचा दिसत नाई," आणि बांध फुटला.

पुढचे दिवस मोहदरीत जे झालं ते गार्गीच्या शब्दांत 'अत्यंत समृद्ध विदा' होतं, म्हणजे यंत्राला शिकवायला भरपूर माल. यंत्र घराघरांतून फिरलं. मोहाच्या झाडाचं भांडण सकाळपासून दुपारपर्यंत चाललं, जेवणाची सुट्टी झाली आणि पुन्हा सुरू झालं. सुनेने पाच वर्षांचं सगळं बोलून घेतलं. पोरांनी आंघोळीला नकार दिला, भाजीला नकार दिला, झोपायला नकार दिला. शाळेतला पहिला तास आता नकाराचा तास झाला. जंगूबाई एकेकाला उभं करी आणि विचारी, "पेन्सिल देशील का?" मग पोरगं किती तऱ्हांनी नाही म्हणतं ते वर्ग मोजी. चिडून नाही, लाडाने नाही, थापा मारून नाही, आधी हो म्हणून मग नाही. सोमी नावाची दुसरीतली मुलगी एक अक्षर न बोलता नाही म्हणायची. यंत्राला तेवढं मात्र जमलं नाही.

पण खरा कलाकार लच्छूच. तो चुलीपुढं बसून यंत्राकडे पाठ करी, बायकोकडे तोंड करी आणि सुरू होई. जंगूबाई एकेक मागणी करी, तो एकेक उडवून लावी. एकदा ती मध्येच थांबली.

"काय झालं?" लच्छूने विचारलं.

"काई नाई. तू मले घरची समजतं, एवढं कळलं."

"नाई समजत," लच्छू म्हणाला.

दिवा हिरवा लुकलुकला. तेही नोंदलं गेलं.

नवं यंत्र तयार झालं. गार्गीने फोनवर ऐकवलं. नाईकांचं पहिल्या सभेतलं भाषण तिने त्याच्या कानावर घातलं आणि त्याने स्वच्छ मराठीत सांगितलं, "तुमचा कागद आम्हांला मान्य नाही." पोडावर एकच गलका झाला.

दुसऱ्या सभेच्या दोन दिवस आधी गार्गीचा पुन्हा फोन आला. तिचा आवाज बसला होता. "कंपनीच्या समितीने नवी आवृत्ती अडवली. ती सौजन्याच्या चाचणीत नापास झाली. ते म्हणतात, जुनी आवृत्ती वापरणाऱ्या सगळ्या कार्यालयांचा अभिप्राय उत्तम आहे. एकाही कार्यालयाची तक्रार नाही."

"कार्यालयाची कशी असंल?" जंगूबाई म्हणाली.

"मी वरपर्यंत भांडले."

"मग काय म्हणाले?"

"हो म्हणाले. करतो म्हणाले."

जंगूबाईला ती रीत परिचयाची होती. तिने विचारलं, "दुसरं काय करता येतं?"

गार्गी म्हणाली, "आवाज देणाऱ्याचा असतो. कायद्याने. लच्छूभाऊ तो परत मागू शकतात, यंत्रासमोर तोंडी म्हटलं तरी पुरतं. पण मग कोलामी सगळीकडूनच जाईल. दवाखान्यातून, बँकेतून, स्टँडवरून. आणि तो पुन्हा देता येत नाही."

लच्छू ऐकत होता. तो बाहेर गेला आणि टेकडीच्या कडेला जाऊन बसला. आयुष्यात त्याच्याकडे पहिल्यांदा काहीतरी असं होतं, जे ऐकून तालुक्याचा माणूस मान वळवून पाहत असे. जंगूबाई त्याच्यामागे गेली नाही. काही मागितलंही नाही. मागितलं असतं तर तो नाही म्हणाला असता, हे दोघांनाही माहीत होतं.

दुसरी सभा भरली. बोधनकर आले, घाम पुसला, पाणी प्यायले. यंत्र मधोमध. "आता फक्त कायम करायचं आहे," ते म्हणाले. "नाईकांनी दोन शब्द बोलावेत."

लच्छू उठला. तो मराठीत बोलला, तोडकं, पण प्रत्येक शब्द पाय रोवून.

"साहेब, मी आवाज वापस घेतो."

"कसला आवाज?"

"माहा. हा डब्यातला. तुमाले नाई देत."

मराठीतला नकार यंत्राला उत्तम कळत होता; त्याला त्याची भरपूर सवय होती. दिवा हिरव्याचा लाल झाला. आत काहीतरी बारीक वाजलं आणि पट्टीवर अक्षरं आली: कोलामी उपलब्ध नाही.

बोधनकर उभे राहिले. "अहो, विचार करा! तुमच्या आयाबहिणी दवाखान्यात जातात, त्यांचं काय?"

"त्यांच्यासंगं मी जाईन."

"रोज?"

"रोज. आन् आजीची दाढ नाई काढू देणार."

"तुम्हांला तुमच्याच भाषेची काळजी नाही का?"

"हाव साहेब," असं लच्छूच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते चावडीतल्या सगळ्यांना दिसलं. त्याने ते गिळलं. "नाई साहेब," तो म्हणाला. "तसं नाई. तुमचंच चुकून ऱ्हायलं." आणि तो बसला नाही, उभाच राहिला.

मग नाईक बोलले. मोठ्याने, कोलामीत, हातवारे करत. त्यांच्यानंतर जैतूआजी. मग मोहाच्या झाडाचे दोन्ही भाऊ. मग पोरं. सगळं पोड नाही म्हणत होतं, आणि बोधनकरांना एक अक्षर कळत नव्हतं. अर्थ मात्र कळत होता. परंतु अर्थ प्रमाणित नव्हता.

खात्यात खळबळ उडाली. सभा ग्रामसभेच्याच भाषेत व्हायला हवी होती. दुभाषा प्रमाणित हवा, आणि यंत्र आल्यावर माणसांना प्रमाणपत्र देणं काटकसर म्हणून बंद झालं होतं. कंपनीने नवा भाषादाता शोधायला इतर पोडांवर माणसं पाठवली. सगळीकडे त्यांचं स्वागत झालं, सगळीकडे सर्वांनी हाव साहेब म्हटलं, आणि ठरल्या दिवशी कुठंही कोणीही आलं नाही. उरला एकच मार्ग. सभा घेणाऱ्या अधिकाऱ्यालाच कोलामी यायला हवी. विधी विभागाने मत दिलं, की अधिकाऱ्याने ती रीतसर शिकावी. रीतसर कोलामी शिकवणारा वर्ग खात्याच्या दप्तरी एकच होता. तो बंद करण्यासाठी आधी तो पूर्ण करणं आवश्यक होतं.

म्हणून प्रसन्न बोधनकर, उपसंचालक, मोहदरीच्या शाळेत पहिलीच्या बाकावर बसले. गुडघे हनुवटीला लागत होते. पहिल्या दिवशी जंगूबाईने त्यांना झाडांची नावं विचारली आणि ती येत नाहीत म्हणून मागं पाठवलं. पोरांनी त्यांना पेन्सिल दिली नाही. लच्छू रोज सकाळी पोडावरच्या कोणाला तरी घेऊन दवाखान्याच्या वाटेला लागे, आणि खिडकीतून साहेबांना बाकावर बघून दोन मिनिटं जास्त थांबे. आता स्टँडवर कोणी मान वळवून पाहत नसे. दवाखान्यातले डॉक्टर मात्र पाहत, आणि चिमटा खाली ठेवत.

बोधनकर मन लावून शिकले. पावसाळा गेला, हिवाळा गेला. आधी ते नुसते ऐकत, मग चुकत बोलू लागले, मग भांडू लागले. वर्षअखेर परीक्षा झाली. परीक्षक जंगूबाई. त्या हितसंबंधी आहेत असा मुद्दा निघाला, पण उत्तरं बरोबर की चूक हे खात्यात दुसऱ्या कोणाला कळत नव्हतं.

बोधनकरांनी झाडांची नावं सांगितली. मोजून दाखवलं. एक गोष्ट सांगितली, तिला पोरं हसली. जंगूबाईने सगळं ऐकून घेतलं आणि पाटीवर मोठ्ठा भोपळा काढला.

"बाई, माझं काय चुकलं?" बोधनकरांनी अस्खलित कोलामीत विचारलं.

"काईच नाई. चांगलं बोलता."

"मग नापास?"

"पास केलं तर उद्या सभा घ्याल. घ्यावीच लागंल तुमाले. आमी नाई म्हटलं का खातं दुसरा कागद धाडंल; तुमचं शिकणं सुरू हाये तवर तास बंद होत नाई. सभा घेता का?"

बोधनकरांनी वर्गाकडे पाहिलं. सोमी त्यांच्याकडे टक लावून बघत होती, एक अक्षर न बोलता.

त्यांनी निकालाचा कागद पुढं ओढला. नापास होण्याचं कारण असा एक रकाना होता. त्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: 'अधिकारी मंदबुद्धी असून त्यांस ही भाषा येण्यास आणखी बरीच वर्षे लागतील.' खाली सही केली, शिक्का मारला आणि कागद वर पाठवून दिला.

खात्याने ते कारण कोणतीही शंका न घेता मान्य केलं.